हरळीवरची हिरवळ

दोस्तांनो, या अंकात मी गवतावर लिहितोय. हसू नका.

अमेरिकेत, जॉर्जियात, ऑगस्टा नॅशनल नावाचा गोल्फ क्लब आहे. एप्रिलात तिथं मास्टर्स स्पर्धा होते. टीव्हीवर दिसणारी ती हिरवळ उसनी असते. खाली मूळ गवत बर्मुडा, म्हणजे आपली हरळी. दुसऱ्याच्या रानातून जी खणता खणता आपल्या आयांचं कंबरडं मोडलं, तीच. थंडीत ती पिवळी पडते आणि साहेबांना पिवळं चालत नाही. म्हणून मेअखेर मैदान बंद करायचं, उन्हाळा सरला की हरळी खरडून कापायची, वर रायग्रासचं बी पेरायचं, पाणी द्यायचं, ऑक्टोबरात दार उघडायचं. पुढल्या उन्हाळ्यात राय मरतं, हरळी वर येते. पुन्हा पेरणी. ग्रीनखाली तर पाइप घातलेत, ओल ओढून घ्यायला!

आता माणसांची मशागत बघा. क्लब सुरू झाला १९३३ ला. १९८२ पर्यंत स्पर्धेत पिशव्या वाहणारे कॅडी सगळे काळे, पांढऱ्या डगल्यातले. ली एल्डर, पहिला काळा खेळाडू, तिथं उतरला १९७५ ला. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणायची मुभा मिळाली, आणि आपल्या काळ्या भावांच्या हातचं तेवढंही काम बहुतेक गेलं. पहिला काळा सभासद १९९० ला. म्हणजे दरसाल गवत बदलणाऱ्यांना एक माणूस आत घ्यायला ५७ वर्षं. बायांना तर २०१२.

एल्डरला मानाचा पहिला फटका मारायला बोलावलं ते २०२१ ला. वय ८६. फटका काही मारवला नाही. त्याच नोव्हेंबरात तो गेला.