आधी ब्रेक, मग दिवे

आमच्या दारात एक जुनी जिप्सी उभी असते. १९९८ सालची, कार्ब्युरेटरवाली, एकेकाळी पांढरी. सासऱ्यांनी शेतावर जायला म्हणून घेतली, त्यांच्यामागे ती आमच्या ह्यांच्याकडे आली आणि गेली बारा-तेरा वर्षं ती अर्धी माझी आहे. पेठ तालुक्यातल्या काही पाड्यांवर आमचा बायकांचा गट काम करतो. पावसाळ्यात तिथल्या चिखलात ही गाडी जाते, बाकीच्या डांबरावरच उभ्या राहतात.

येत्या सप्टेंबरात तिला घेऊन स्पितीला जायचं ठरलंय. शिमल्याकडून किन्नौर, मग काजा, तिथून कुंझुम खिंड आणि खाली बातल ते ग्रांफूचा दगडगोट्यांचा, मध्येच नाले आडवे येणारा रस्ता. कुंझुम साधारण १५ हजार फुटांवर. ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना बापलेकांनी कागद पुढे केला. विंच, स्नॉर्केल, पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची लांब पट्टी, रुंद टायर आणि वर मिलिटरी हिरवा रंग. सगळं मिळून दीड लाखाच्या घरात.

मी विचारलं, "आणि ब्रेक?"

"ते मेस्त्री बघेल गं," हे म्हणाले.

मैत्रिणींनो, हे 'मेस्त्री बघेल' मी एकदा ऐकलेलं आहे. २०१८च्या जुलैतली गोष्ट. एका पाड्यावरच्या सुनेला पहाटेपासून कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत आलेली, पुढे चिखल. हे आणि मी जिप्सी घेऊन गेलो. मागच्या बाजूला जे लांब आडवे बाक असतात त्यावर ती सून, तिला धरून तिची सासू, आणि समोर आशाताई. घाट उतरताना वळणावर गुरं आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला तशी गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. आशाताईंनी सुनेला कवेत धरलं म्हणून ती वाचली. सासू मात्र बाकावरून घसरत पुढे आली आणि हुडाच्या लोखंडी पाइपावर तिचं कपाळ आपटलं. चार टाके पडले. सून सुखरूप बाळंतीण झाली, मुलगी झाली. पण दवाखान्याच्या दारात उतरताना ती म्हातारी पदराने सीट पुसत होती आणि मला म्हणत होती, "ताई, तुमची गाडी खराब झाली."

नंतर कळलं, मागच्या एका चाकाचा ब्रेक सिलिंडर गळत होता. मेस्त्रीने ते दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. 'पुढच्या वेळी करू' म्हणून राहिलं. आणि त्याच महिन्यात आम्ही गाडीला पिवळे फॉग लॅम्प बसवले होते. दोष ना गाडीचा ना मेस्त्रीचा, आमचाच. माझाही, कारण गाडीतलं आपल्याला काय कळतं म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून या वेळी मी म्हटलं, पैसे निम्मे माझ्या शिकवण्यांचे आणि भिशीचे आहेत, तेव्हा गॅरेजमध्ये मीही येणार. तीन रविवार तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. पहिल्या रविवारी मेस्त्री माझ्याशी बोलतच नव्हता. मी विचारायचं आणि त्याने ह्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं! तिसऱ्या रविवारी मात्र "वहिनी, इकडं या, हात लावून बघा" म्हणून त्यानेच बोलावलं. हात लावण्याजोगं होतंही बरंच. खालचा पत्रा पायाच्या दाबाने कुरकुरत होता, मॅट उचलल्यावर गंजलेल्या भोकातून जमीन दिसली. पाट्यांचे बुश झिजून गेलेले. स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाक हलायचं नाही. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, मग लांबलचक उतारावर ब्रेक तापले की उकळतं आणि पाय नुसताच खाली जातो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. लायसन्स माझ्याकडे बावीस वर्षं आहे.

सगळ्यात गंमत पुढच्या चाकांची. जिप्सीत चारही चाकांना ताकद द्यायची तर आतला लिव्हर ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली चकती हाताने फिरवून 'लॉक' करावी लागते. आमच्या डाव्या चाकाची चकती कधीपासून जाम होती देव जाणे. म्हणजे इतकी वर्षं 'आमची फोर बाय फोर आहे' म्हणून मिरवलं, आणि प्रत्यक्षात मागचीच दोन चाकं ओढत होती! हे बराच वेळ टायरकडे बघत उभे राहिले. मी काही बोलले नाही. (घरी आल्यावर बोलले.)

टायरचंही असंच. टायरच्या बाजूला लहान चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१४ होतं, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली जाड दिसत होती, पण रबराला बारीक भेगा. तुमच्याही गाडीचे आकडे आज खाली वाकून बघा. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण रोज बघतो, ज्यावर मुलाबाळांना बसवतो त्याची बघत नाही.

मग यादीतली एकेक गोष्ट मी मेस्त्रीसमोरच काढली. स्नॉर्केल कशाला, तर नाल्यात पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून. ठीक. पण गुडघाभर पाण्यात ही जुनी पेट्रोल गाडी आधी बंद पडते ती डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी शिरून. ती टोपी तडकलेली होती. नवी टोपी, नव्या वायरी, वर रबराचं झाकण, सगळं चार आकडी रकमेत झालं. रुंद, उंच टायर घेतले तर तेच इंजिन जास्त ओझं ओढणार, त्याच ब्रेकना जास्त वजनदार चाक थांबवावं लागणार आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवणार. वर १५ हजार फुटांवर हवा विरळ, कार्ब्युरेटरची गाडी तिथे आधीच दमलेली असते. म्हणून मूळ मापाचेच, पण चांगल्या खडबडीत नक्षीचे टायर घेतले. विंच ओढायला बॅटरी धडधाकट लागते, आमची दर थंडीत धक्क्याने चालू होत होती. पेट्रोलच्या रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं.

लोखंडी बंपरवर लेक अडून बसला. त्याला मी कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. धडक बसली तर गार्ड गाडी वाचवील, पण समोरच्या पायी चालणाऱ्याचं काय? पाड्यावरच्या रस्त्याने सगळे पायीच चालतात. जुन्या गाडीच्या कागदांचा जाच मला माहीत आहे. पासिंगच्या नूतनीकरणाची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, २०२३ मध्ये मीच भरली. आणि दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे आम्ही वाटच बदलली आहे, राजस्थानातून हिसारकडे निघायचं. उगाच आणखी एक भानगड कशाला?

माझ्या यादीत मात्र एक मोठा खर्च होता आणि त्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. मागचे आडवे बाक काढून समोर तोंड असलेली सीट, आणि तिला पट्टे. "आपण तिघंच तर जाणार, एक जण मागे कसाही बसेल," असं ह्यांचं म्हणणं. तो 'एक जण' कोण हे विचारायची गरज नव्हती. हाही बदलच, म्हणून आधी आरटीओत खेटे घातले, अर्ज केला, मंजुरीचा कागद हातात आल्यावर काम दिलं. पट्टा नुसत्या पत्र्याला नट मारून बसवला तर झटक्यात पत्र्यासकट उपटून येतो. खालून जाड लोखंडी पट्टी देऊन तो घट्ट धरावा लागतो. मेस्त्रीने ते मनापासून केलं.

कुणी म्हणेल, समाजकार्य करणारी बाई आणि फिरायला जायच्या गाडीवर एवढा खर्च? मलाही टोचलं. बिल ९२ हजारांचं झालं, तेवढ्यात आमच्या गटाचं वर्षभराचं किती काम झालं असतं याचा हिशेब मी रात्री पडल्या पडल्या केला आहे. पण दीड लाखाची ती पहिली यादी झाली असती तर गाडी स्पितीला जाऊन फोटो काढून आली असती आणि पाड्यावरच्या बाईला पुन्हा त्याच बाकावर बसावं लागलं असतं. माझं म्हणणं एवढंच की पैसा कुठे घालायचा हे स्टिअरिंगवर बसणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. मागे बसणाऱ्यालाही विचारावं. आणि आपल्या घरांत मागे बसणारी बहुधा आपणच असतो, तरी गाडीची गोष्ट निघाली की आपण चहा टाकायला आत जातो.

लांबच्या वाटेला काढण्याआधी भरल्या वजनाने एकदा चालवून बघा, असं मेस्त्रीने सांगितलं होतं. गेल्या रविवारी पाण्याचे कॅन, तंबू, स्टेपनी, सगळं भरून त्याच घाटाने पाड्यावर गेलो. उतारावर मी चालवत होते. मधल्या ओढ्याशी उतरून दोन्ही चकत्या मीच लॉक केल्या. त्या म्हातारीची नात आता शाळेत जाते. येताना तिला आणि आजीला बाजारच्या गावापर्यंत सोडायचं होतं. आजी सवयीने बाक शोधत मागे वाकली, मग सीटवर बसली. मी पट्टा लावून दिला तर म्हणाली, "बांधून ठेवता का काय आम्हाला?" नात मात्र तो पट्टा सारखा ओढून सोडून बघत होती.

दिव्यांची पट्टी रद्द झाली, हिरवा रंगही. विंच मात्र अजून यादीत आहे. "दिवाळीनंतर बघू," असं मी सांगितलंय.