दिसतंय तर लेझर कशाला?

डोळ्याच्या डॉक्टरांनी "कोन अरुंद आहे, लेझर करून घ्या" असे सांगितले आणि घरात दोन तट पडले. "मामा, चांगलं दिसतंय ना? मग कशाला?" हे पुण्याच्या भाच्याचे मत. नुसते बोलून थांबला नाही, 'लॅन्सेट'मधला २०१९ चा अभ्यासच त्याने पाठवला.

ग्वांगझू या चिनी शहरातली ८८९ माणसे. कोन अरुंद, बाकी डोळे ठीक. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा तसाच. सहा वर्षांत लेझर केलेल्या १९ डोळ्यांत बिघाड झाला (म्हणजे दाब वाढला, कोन चिकटला किंवा अचानक झटका आला), न केलेल्या ३६ डोळ्यांत. एवढ्या फरकासाठी सरसकट लेझर नको, असा निष्कर्ष निघाला. भाचा खोटे बोलत नाही. पण याच माणसांचा १४ वर्षांचा हिशेब २०२३ साली आला, त्यात आकडे ३३ आणि १०५ आहेत! सत्तरी ओलांडल्यावर चौदा वर्षांचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. मी करतो बुवा.

शिवाय माणूस राहतो कुठे, हेही पाहायला हवे. डोळ्यातले पाणी बाहेर जायची वाट एकाएकी बंद झाली, तर डोळा लाल होतो, डोके ठणकते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आमच्या ओझरात रात्री अकराला ओकाऱ्या सुरू झाल्या तर घरचे पित्त समजून आल्याचा रस देतील. सकाळपर्यंत नजर जाऊ शकते. आम्हाला निदान नारायणगावचे, डॉ. मनोहर डोळ्यांनी उभारलेले नेत्र रुग्णालय जवळ आहे. आहुप्याच्या आजीने काय करावे? "लेझर नको, नियमित तपासणीला या" हा सल्ला पुण्यात शोभतो.

लेझर म्हणजे काय, तर थेंब टाकून बाहुली बारीक करतात आणि बुबुळाच्या रंगीत पडद्याला कडेशी बारीकसे छिद्र पाडतात. काही मिनिटांचे काम. टिचक्या मारल्यासारखे वाटले, दिवसभर धुरकट दिसले, एवढेच. पुढची तपासणी मात्र सुटत नाही, आणि गेलेली नजर लेझरने परत येत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. शिबिरात मोतीबिंदू बघतात, कोन सहसा कोणी बघत नाही. त्याला डोळ्यावर आरशाची भिंग ठेवून पाहावे लागते. बायकांना, जवळच्यांपेक्षा लांबचे बरे दिसणाऱ्या प्लस नंबरवाल्यांना आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना हा धोका जास्त. आमची धाकटी या तिन्हीत बसते. दिवाळीनंतर येते म्हणाली आहे.