धर्माची गाय आणि तिचे दात

मंडईत भाजी घेणारे गिऱ्हाईक किती चोखंदळ असते, हे पुणेकरांस सांगावयास नको. १८८६ साली लॉर्ड रे या गव्हर्नरांच्या नावाने उघडलेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण केलेली ती अष्टकोनी इमारत पुणेकरांचा हा चोखंदळपणा पिढ्यान् पिढ्या पाहत उभी आहे. भेंडीचे टोक मोडून पाहावे, नारळ कानाशी धरून हलवावा, वांग्यास कोठे भोक आहे की काय ते न्याहाळावे आणि मग पैसे मोजावे, हा तेथील शिरस्ता. विकणाऱ्याने आपल्या मालाचे दोष आपण होऊन सांगावेत अशी तेथे कोणाची अपेक्षा नसते. कारण दोष बहुधा बाहेरून दिसतो, आणि फसगत झालीच तर वांगे फेकून देऊन मोकळे होता येते.

परंतु शहरातील वाड्यांतून व इमारतींतून एक निराळी देवघेव नेहमी चालते. कोणाची परगावी बदली होते, कोणाच्या मांजरीस पिले होतात, कोणास म्हातारपणी कुत्र्याची निगा झेपेनाशी होते. आणि मग ते मुके जनावर दुसऱ्या घरी पाळावयास दिले जाते. अशा वेळी देणाऱ्याने त्याच्या प्रकृतीची व स्वभावाची सारी हकीकत आधी सांगावी की नाही? आमचे मत असे की, सांगणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे; आणि जनावर फुकट दिले जात असेल तर ते कर्तव्य हलके न होता उलट अधिक जड होते.

जनावर वांग्याप्रमाणे पारखता येत नाही. चाकणच्या बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहून वय ओळखतो व त्यास चालवून पाय पारखतो. तरीही ‘मारका आहे का? बसका आहे का?’ हे तो विचारतोच. अंग बाजारात दिसते, पण खोड घरी गेल्यावरच दिसते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. कुत्र्यामांजरांचेही तसेच आहे. तासाभराच्या भेटीत जे कुत्रे शेपूट हलवीत पायांशी लोळते, तेच जेवताना कोणी ताटलीकडे हात नेला तर चावत असेल. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून घराबाहेर पळत असेल. किंवा त्यास अधूनमधून फेपऱ्याचे झटके येत असतील. हे पाहुण्यास कसे समजावे? ज्याच्या घरी ते वाढले, त्यानेच सांगितले तर समजेल.

येथे आपली एक जुनी म्हण आडवी येते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. घेणाऱ्याने कृतज्ञ असावे, हा तिचा अर्थ योग्यच आहे. पण या म्हणीने घेणाऱ्याचे तोंड बंद झाले, म्हणजे देणाऱ्यावर दुप्पट भार पडतो, हे आपण विसरतो. जे दात घेणाऱ्याने मोजावयाचे नाहीत, ते देणाऱ्याने स्वतः मोजून सांगितले पाहिजेत. कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. वाजश्रवसाने यज्ञात म्हाताऱ्या व आटलेल्या गाई दान दिल्या, तेव्हा असले दान देणारा सुखाच्या लोकी जात नाही, हा विचार त्याच्या बालक पुत्राच्या मनात आला. तो प्रश्न मोठ्यांस सुचला नाही, मुलास सुचला, हे विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवावे.

कायदा याविषयी काय म्हणतो तेही पाहण्याजोगे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या दिली असून तेथे घोड्याचे उदाहरण घेतले आहे. एका माणसाने आपला सदोष घोडा लिलावात विकला आणि दोषाविषयी मौन पाळले, तर तेवढ्याने ते कपट होत नाही. परंतु घेणारी व्यक्ती त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ तर विकणाऱ्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. पहिला न्याय बाजाराचा, दुसरा घराचा. एका घरातून दुसऱ्या घरात जीव सोपविताना आपण बाजाराचा न्याय लावावा की घराचा, हे सुज्ञ पालकांनीच ठरवावे. पिलांची पैदास व विक्री करणाऱ्यांसाठी सरकारने २०१७ साली, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली नियम केले. पण शेजाऱ्याने शेजाऱ्यास दिलेल्या मांजराची चौकशी करावयास कोण निरीक्षक येणार? तेथे आपले मन हाच निरीक्षक.

यावर आक्षेप असा येतो की, ‘सारे खरे सांगितले तर त्या बिचाऱ्यास कोणीच घेणार नाही.’ हा आक्षेप दयेपोटी येतो, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. परंतु दोष लपवून मिळविलेले घर किती दिवस टिकते? पहिल्या चाव्यासरशी अथवा औषधांच्या पहिल्या बिलासरशी ते जनावर परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोठल्या तरी गल्लीच्या तोंडाशी सोडून दिले जाते. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने, भूकतहानेने हाल व्हावेत अशा रीतीने जनावर विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. पण त्या टाकण्याचे बीज पुष्कळदा आधीच्या मौनातच असते. उलट, लहान मुलांस चावणारे कुत्रे मुले नसलेल्या घरी सुखाने नांदू शकते, आणि एका डोळ्याने आंधळी मांजर शांत घरात आयुष्य काढू शकते. खऱ्या हकीकतीने घरे कमी होत नाहीत. योग्य घर कोणते ते कळते.

सांगावे कसे, यासही रीत आहे. ‘कुत्रे दुष्ट आहे’ असा निवाडा देऊ नये. ‘दोनदा चावले, दोन्ही वेळी ते खात होते’ असे घडलेले सांगावे. लसी कोणत्या व केव्हा टोचल्या, तो कागद बरोबर द्यावा. मागील काही महिन्यांत दुसऱ्या जनावराने त्यास चावा घेतला असल्यास ते अवश्य सांगावे. कारण रेबीजची लक्षणे दिसावयास आठवडे किंवा महिनेही लागतात, आणि ती दिसू लागल्यावर माणूस काय किंवा जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. रस्त्यावरून उचललेल्या पिलाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही’ हेच स्पष्ट सांगावे.

घेणाऱ्यानेही आपल्या घरची हकीकत लपवू नये. घरात तान्हे मूल वा आजारी आजोबा आहेत का, घरमालकाची परवानगी आहे का, पूर्वीचे पिलू कशाने दगावले, हे त्याने सांगावे. पार्व्हो नावाच्या रोगाचे विषाणू जमिनीवर व मातीत महिनेच्या महिने टिकून राहतात. अशा घरी लसी पुऱ्या न झालेले पिलू नेणे म्हणजे त्यास मृत्यूच्या दारी नेणे होय. आणि खरे सांगणाऱ्यास कोणी हसू नये. नाहीतर पुढील मनुष्य खोटेच सांगावयास शिकेल.

विद्यार्थिमित्रांनो, घरात जनावराशी सर्वांत अधिक खेळता ते तुम्ही, आणि त्याच्या खोडी सर्वांआधी समजतात त्याही तुम्हांस. उद्या तुमच्या घरचे मांजर दुसऱ्याच्या घरी जावयाचे झाले आणि मोठी माणसे एखादी गोष्ट सांगावयास विसरली, तर अदब राखून, पण न भिता, ती तुम्ही सांगा. ज्यास स्वतःविषयी एक शब्दही बोलता येत नाही, त्याच्या वतीने खरे बोलणे ही त्याची शेवटची आणि सर्वांत मोठी सेवा होय.