ग्रेस मार्क नव्हेत हो!

परवा आमचे भाचेजावई फोनवर म्हणाले, "मामा, पॅरालिंपिकचं ते सायकलिंग म्हणजे ग्रेस मार्कच की! कमी वेळ लावणाराही हरतो." ते हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक असूनच लिहितो आहे.

जावईबापू, त्यात सी १ ते सी ५ असे गट असतात. सी १ मध्ये अपंगत्व सर्वांत जास्त. स्पर्धक थोडे असले की दोन-तीन गट एकत्र करतात आणि टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकाच्या वेळेला गटाच्या ठरलेल्या आकड्याने गुणतात. आकडा गटाचा असतो, माणसाचा नव्हे, आणि तो शर्यतीआधीच ठरलेला. ग्रेस मार्क पेपर तपासून झाल्यावर, दया आली म्हणून देतात. (मी किती दिलेत, विचारू नका!)

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नाही, गिअर नाहीत, पेडल क्षणभरही थांबवता येत नाही. तिरक्या लाकडी ट्रॅकवर एका पायाने ती हाणायची... आहे तयारी?

डाव्या हाताचा पंजा नसलेली सारा स्टोरी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत धडधाकट बायकांविरुद्ध उतरली होती. तिथे कुणी वेळ गुणली नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया २०२४ ला पॅरिसच्या ट्रॅकवर धावली. नाव तरी ऐकलंत?

असो. माझ्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. खेळाच्या तासाला मी त्याला सगळ्यांची दप्तरं सांभाळायला बसवायचो, वर्षभर. दयाच होती ती. खेळायचंय का, हे एकदाही विचारलं नाही.