बाळाचा मेंदू आणि पॅरासिटामॉलची बदनामी

"डॉक्टर, पॅरासिटामॉल नको, त्याने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणे. दुसरं काहीतरी द्या." हे मला हल्ली वारंवार ऐकावं लागतं. विजयदुर्गला मोबाईलची रेंज धड मिळत नाही, पण व्हॉट्सॲपवरची भीती मात्र वेळेवर पोचते.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी टायलेनॉलचा, म्हणजे आपल्याच पॅरासिटामॉलचा, संबंध ऑटिझमशी जोडला. त्यांचा रोख मुख्यतः गरोदर बायकांवर होता. त्याबद्दलचा पुरावा काय सांगतो? 2024 मध्ये स्वीडनमधल्या सुमारे 24 लाख 80 हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने हे औषध घेतलं होतं आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा ऑटिझमचा वाढीव धोका दिसला नाही.

माझा राग त्या "दुसरं काहीतरी"वर आहे. दुसरं म्हणजे काय? घरात मोठ्यांसाठी आणलेली निमेसुलाइडची गोळी? यकृताच्या धोक्यामुळे 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ती आपल्या सरकारने 2011 मध्येच बंद केली. आजोबांची ॲस्पिरिन? फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ती दिली तर रे सिंड्रोम होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण त्यात मेंदूला खरोखर सूज येते. मेंदूची काळजी करायचीच तर इथे करा! आणि मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन? पावसाळ्यात ताप म्हटला की डेंग्यूची शंका असतेच, आणि डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप लवकर उतरावा म्हणून ही "जोरदार" औषधं सर्रास लिहून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही हे लागू आहे.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. मात्रा चुकली तर यकृत निकामी होऊ शकतं, आणि मात्रा चुकते ती बाटलीमुळे. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण 150 मिलिग्रॅम पुरतं. ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली झालं. 5 मिलीत 250 असलेल्या सिरपचे 3 मिली, आणि 120 वाल्याचे सहा. सिरपची सवय झालेल्या आईने ड्रॉप्स चमचाभर पाजले, तर एकदम 500 मिलिग्रॅम पोटात जातं, तिपटीहून जास्त. म्हणून लेबलावरचा आकडा वाचा, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, दोन डोसांत सहा तास जाऊ द्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी मागे ठेवलेली सर्दी-तापाची मिश्र बाटली वेगळी समजू नका. तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉलच असतं.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर मात्र घरी काहीच पाजून वाट पाहू नका. ताप दिसला की लगेच डॉक्टरकडे न्या, मग रात्र असो की पाऊस.