बनफशाचा लपंडाव

या ईदला लेकीने ईदीचे पैसे साठवून माझ्यासाठी व्हायोलेट सेंटची बाटली आणली. व्हायोलेट म्हणजे आपला बनफशा. सर्दी झाली की जोशांद्यात पडतो तोच.

मनगटावर लावताच पिकल्या फळासारखा आंबटगोड वास आला. थोड्या वेळाने तो पावडरीसारखा मऊ झाला आणि मग नाहीसाच! “पाच मिनिटांत उडाला. पैसे फुकट गेले गं,” मी बोलून गेले. लेकीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तोच लावून शाळेत गेले. चौथ्या तासाला पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “टीचर, किती छान वास येतोय!” मला मात्र काहीच येत नव्हता.

मग वाचून काढले. बनफशाचा सुगंध मुख्यतः आयोनोन या द्रव्याचा. टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवले. रासबेरीच्या फळातही ते असते. अंगाच्या उबेने सेंटमधले हलके, फळांचे वास आधी उडतात. आयोनोन मागे राहते. पण त्याने आपले नाक थोडा वेळ थकते. वास हरवतो, पुन्हा येतो. शेजारच्याला तो येतच असतो.

भगिनींनो, सेंट घेताना मनगटावर लावा, अर्धा तास थांबा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

मी घरी येऊन लेकीला जवळ घेतले. म्हटले, “बेटा, वास उडाला नव्हता. तुझ्या अम्मीचे नाक थकले होते. माफ कर.”