राउटर कुणी जाळला?

सातारा-सांगलीकडे वळीव विजा घेऊन येतो आणि घराघरांतले राउटर बंद पडतात. मग गेम खेळणारी पोरं म्हणतात, "समोरच्या टीमनंच उडवला." मला हे पटत नाही.

तुमचा आयपी पत्ता मिळाला तर प्रतिस्पर्धी खोट्या मागण्यांचा पूर सोडून लाइन तुंबवू शकतो. नेट जातं, राउटर मात्र जळत नाही. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवाल्यांच्या चढाओढीतून २०१६ मध्ये जन्मलेल्या 'मिराई' व्हायरसनंही लोकांची उपकरणं जाळली नाहीत, असल्या हल्ल्यांसाठी राबवून घेतली.

दुरून नुकसान होऊ शकतं, हेही खरं. जुलै २०१७ मध्ये एका व्हायरसनं बीएसएनएलचे हजारो मोडेम निकामी केले. कंपनीचा मूळ पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, ते सापडले. वैर कुणाशीच नव्हतं, दार उघडं होतं.

असं मुद्दाम करणं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढा आळ गल्लीतल्या पोरावर नुसत्या संशयानं घालू नये. आधी पासवर्ड बदला, आणि वीज कडाडू लागली की प्लग काढा. तांब्याची केबल असेल तर तीही.